डब्याच्या बदल्यात

“हसरं मूल कधी आजारी पडत नाही!” छावणीच्या दवाखान्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून कंपाउंडर खांबेटे यांनी हे सत्य समस्त मानवजातीला उद्देशून जाहीर केलं, आणि तेवढ्यात त्यांच्या कडेवर खिदळणारा माझा धाकटा भाऊ घनू त्यांच्या धोतरावर ओकला.

मानवजात म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या बायका, त्यांची पोरं आणि एक बकरी. कुणी हसलं नाही. बकरी पुढे आली, धोतराचा वास घेतला आणि मागे गेली.

अमां, म्हणजे माझी आई, धावत पायरीवर गेली आणि आपल्या ओढणीने ते धोतर पुसू लागली. शरमेने तिची मान इतकी खाली गेली होती की ती नक्की काय पुसतेय ते तिला दिसत नसावं. बराच वेळ ती धोतराचा स्वच्छ भाग पुसत होती.

“कोई बात नै बाई, कोई बात नै,” खांबेटे म्हणाले. “धोतर है. धुतलं की हुआ.”

खांबेट्यांची ही हिंदी हिंदुस्थानात दुसरं कुणीच बोलत नसे. पण आमचं अडत नव्हतं. आम्ही सिंधी, आमची हिंदीही फारशी बरी नव्हती. ही गोष्ट फाळणीनंतरची. कल्याणच्या पुढे लढाईच्या काळात लष्करासाठी बांधलेल्या बराकी होत्या. लष्कर गेलं आणि आम्हाला तिथे आणून ठेवलं. एकेका बराकीत आठ-दहा बिऱ्हाडं, आणि दोन बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाट. पलीकडचा खोकला तर अलीकडच्याने पाणी द्यावं, इतका शेजार.

छावणीत दर आठवड्याला मुंबईहून एक डॉक्टरीणबाई येत. एकदा त्यांनी आम्हा पोरांच्या जिभा पाहिल्या, पोटं दाबली, आणि खांबेट्यांना बाजूला घेतलं. मी खिडकीखालीच बसलेलो होतो.

“यांच्या पोटात काही नाही, खांबेटे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे अन्न नाहीच, पण रोगही नाही. यांनी जे पाहिलंय त्यावर आपल्याकडे बाटली नाही. यांना बोलतं करा. हसवा.”

“हसवतो की!” खांबेटे म्हणाले. “ते माझ्यावर सोडा.”

बाईंनी सोडलं. खांबेट्यांनीही तो सल्ला औषधासारखाच घेतला: दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. गोरा, गोल, मिशाळ माणूस. खिशात लिमलेटच्या गोळ्या आणि तोंडात गमती, दोन्हींचा साठा कधी संपत नसे. मुलाच्या नाकाला चिमटा घ्यायचा, आपला अंगठा दोन बोटांमधून बाहेर काढायचा आणि म्हणायचं, “ये देख, तेरा नाक काढ्या!” मराठी मूल यावर किंचाळतं, नाक परत मागतं, मिळालं की हसतं. शेजारच्या बराकीतल्या एका मुलीचं नाक त्यांनी असंच काढलं. तिने त्यांच्या मुठीकडे एकदा पाहिलं आणि निमूट चालू लागली.

“अगं, नाक! नाक तरी घेके जा!” खांबेटे तिच्यामागे धावले.

ती थांबली नाही. गेलेली वस्तू परत मागायची पद्धत आमच्याकडे राहिली नव्हती.

त्यांचा सगळ्यात अवघड रोगी मी. माझं नाव खूबचंद, घरात खूबो. वय आठ-नऊ. छावणीत आल्यापासून मी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पाणी’ यापलीकडे बोललो नव्हतो, आणि ‘पाणी’सुद्धा फारच तहान लागली तर. मराठी मला एव्हाना कळू लागलं होतं, पण तेही मी कुणाला कळू दिलं नव्हतं. खांबेट्यांनी माझ्यावर नाक, कान, शेपूट असे सगळे प्रयोग केले. मी प्रत्येक वेळी त्यांच्याकडे शांतपणे बघत असे. विनोदी माणसाला याहून मोठा छळ नाही. पुढे आयुष्यभर मराठीत विनोद लिहून पोट भरलं, तेव्हा समोरच्या ओळीत असे श्रोते मला पुष्कळ भेटले. प्रत्येक वेळी मला खांबेटे आठवत.

तर त्या दुपारी धोतर पुसून झाल्यावर खांबेटे आत गेले आणि दुधाच्या भुकटीचा एक डबा घेऊन आले. डबे थोडे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या पोरांनाच मिळत.

“ये घनू के वास्ते. गरम पानी में घोळ के देना. घोळ के, समझ्या ना?”

अमांने डबा ओढणीखाली घेतला, घनूला कडेवर घेतलं आणि झपाझप चालू लागली. वळून पाहिलं नाही. रांगेतल्या सगळ्या बायकांची नजर त्या डब्यावर होती, म्हणून तिने वळून पाहिलं नाही. हे कारण मला आज सुचतं. तेव्हा एवढंच दिसलं की तिने वळून पाहिलं नाही.

मी तिच्यामागे निघालो. खांबेट्यांनी माझं मनगट धरलं.

“तू किधर चाल्या?”

मी अमांकडे बोट दाखवलं.

“अरे, तेरी माँ ने तो तेरे को हमको देके टाक्या!” खांबेटे म्हणाले. “डब्बा लिया, लडका दिया. आता तू हमारा.” आणि त्यांनी डोळा मिचकावला. कुणाकडे बघून, ते कळलं नाही. समोर बकरीच होती.

मी विचार केला. व्यवहार समजण्यासारखा होता.

“कब से?” मी विचारलं.

खांबेट्यांचा चेहरा असा फुलला की मला जरा भीतीच वाटली. “आँ? क्या बोल्या?”

“कब से?”

“अभी से! इसी घडी से!” त्यांनी रांगेकडे तोंड केलं. “बोल्या! अरे, ये लडका बोल्या!”

“घर किधर है?”

“फाटक के बाहर. पिंपळ के बाजू में, कौलारू. किसी को भी पूछ.”

“काम क्या करने का?”

“काम?” हसून हसून त्यांच्या पोटावरचा सदरा हलू लागला. “झाडू मारना, पानी भरना और हमारी यमू का मार खाना!” त्यांनी माझ्या हातावर लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवल्या आणि पायरी चढताना स्वतःशीच म्हणाले, “बाई आल्या की सांगतो. औषध लागू पडलं.”

लागू पडलंच होतं.

मी बराकीत आलो. खरोखरच डबा होता. ट्रंकेवर ठेवलेला, निळा, चकचकीत. वर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं आणि ते बाळ हसत होतं. मी डब्याकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं. डबा नवा होता.

अमां वाटीत भुकटी कालवत होती आणि घनू तिच्या कोपराला लोंबकळत होता.

“तिथे उभा राहू नकोस,” ती म्हणाली. “उजेड अडतोय.”

मी बाजूला झालो. माझं सामान म्हणजे एक सदरा आणि एक पत्र्याचा मग. सदऱ्यात मग गुंडाळला. एक भोवराही होता, तो मी घनूच्या उशाशी ठेवला, कारण तो घरचा होता आणि आता मी नव्हतो. मग अमांच्या पाया पडलो.

“आज काय सण आहे?” तिने वाटीतून डोळे न काढता विचारलं.

“नाही.”

“मग जा, खेळ जा.”

असं काहीतरी साधं बोलूनच पाठवतात, हे मला माहीत होतं. मी रडलो नाही. रडल्याने काय होतं, तेही मला माहीत होतं.

फाटकाबाहेर पिंपळाशेजारी खांबेट्यांचं घर होतं. पायरीवर माझ्याएवढी एक मुलगी सागरगोटे खेळत होती. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

“कोण रे तू?”

“खूबो.”

“काय पायजे?”

“तेरे बाप ने लिया मेरे को. डब्बा देके.”

ती दचकेल असं मला वाटलं होतं. तिने सागरगोटा वर उडवला, झेलला आणि म्हणाली, “हात्तिच्या! मलापण तसंच घेतलंय. बोहारणीकडून. दोन जुनी पातळं आणि आजोबांचा कोट देऊन.”

“बोहारीण कौन?”

“जुने कपडे घेते नि भांडी देते ती. बाबा म्हणाले, भांडं नको, मुलगी दे. रोज सांगतात.” तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुला नुसत्या डब्याला घेतलं? स्वस्तात पडलास. मी महाग आहे.”

“तेरी असली माँ किधर है?”

“ती काय, चुलीपाशी.”

मी पायरीवर टेकलो. हे मला झेपेना. या घरात मुलाबरोबर त्याची आईही घेतात की काय? मग माझी का नाही घेतली? की अमांचे दोन डबे पडले असते?

“तू रोयी थी? लिया तब?”

“रडायचं कशाला? बाबा तर सारखे म्हणतात, हट्ट केलास तर बोहारणीला परत देऊन टाकू. मग मी म्हणते, द्या. मग ते म्हणतात, नको, कोट गेला तो गेला.” आणि ती खुदकन हसली.

मराठी माणसाची मुलांवर माया करायची ही रीत मला पुढे चांगली परिचयाची झाली. मूल लाडकं असलं की त्याला सांगायचं, तू आमचं नव्हेस, तुला उकिरड्यावरून उचललं, देवळाबाहेर सापडलास, आई तुला टाकून गेली, चल माझ्याकडे राहायला. मूल ओठ काढतं, घर हसतं, कुणीतरी त्याला पोटाशी घेतं आणि हातावर खाऊ ठेवतं. ज्या मुलाला आपण कुणाचे याची शंभर टक्के खात्री आहे, त्याच्यासाठी हा खेळ झकास आहे. माझ्या नातवंडांशी मी तो कधी खेळलो नाही. घरात मला अरसिक समजतात.

“झाडू किधर है?” मी यमूला विचारलं.

अंगण मोठं होतं आणि पिंपळाला पानांची कमी नव्हती. मी कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडलं. आतून खांबेट्यांच्या पत्नी बाहेर आल्या. उंच, सावळ्या, नऊवारी नेसलेल्या. सगळी छावणी त्यांना काकू म्हणे.

“यमे, हा कोण झाडतोय?”

“आपला आहे.”

“आपला म्हणजे?”

“बाबांनी घेतलाय.”

कामाला पोऱ्या पाठवला असेल असं काकूंना वाटलं असावं. “बरं, हात धुवायला सांग त्याला,” म्हणाल्या आणि मला वाटीभर गूळपोहे दिले. मी ते घरात बसून खाल्ले. खाताना मी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत होती. ढकलली तरी हलत नव्हती आणि पलीकडे कुणी खोकत नव्हतं. दाराला आतून कडी होती. मग काकूंनी चुलीवर भात टाकला. छावणीत मिळणाऱ्या तांदळाला खड्यांचा वास यायचा. हा गावाहून आलेला आंबेमोहोर होता. त्याचा वास घरभर पसरला, आणि मी न सांगता विहिरीवरून पाण्याची कळशी भरून आणली.

ऊन कलल्यावर काकू म्हणाल्या, “पुरे रे बाळ आता. घरी जा. आई वाट बघत असेल.”

“माँ ने दे दिया,” मी म्हणालो. “मैं अब इधर का है. कपडा लाया.” आणि माझी गुंडाळी दाखवली.

काकूंना कळेना. यमूने मोठ्या उत्साहाने सगळं समजावलं: डबा, घनू, बोहारीण, कोट. ऐकता ऐकता काकू उंबऱ्यावर खाली बसल्या.

“याला खरं वाटलं?” त्या हळूच म्हणाल्या.

“मग?” यमू म्हणाली. “खोटं आहे?”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. यमूच्या मुठीतले सागरगोटे वाजायचे थांबले. “आई गं, मग माझंपण...?”

“तू गप गं,” म्हणत काकूंनी तिला जवळ ओढली. इतकी जोरात, की तिचे सागरगोटे सांडले.

तेवढ्यात खांबेटे नाट्यपदाची एक ओळ गुणगुणत आले. “वा! अंगण अगदी लखलखतंय आज! कुणी लोटलं?”

“तुमच्या नव्या मुलाने,” काकू म्हणाल्या.

खांबेटे मला बघून हसले. मग त्यांनी माझ्या काखेतली गुंडाळी पाहिली. त्यातून मगाचा कान बाहेर आला होता. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, दुकान बंद झालं तरी पाटी राहते तसं.

“अगं, गंमत केली मी...”

“त्याला सांगा.”

खांबेटे माझ्यापुढे उकिडवे बसले. “अरे बाबा, मजाक किया. हमको तू नै चाहिए! सच्ची नै चाहिए. जा, घर जा.”

म्हणजे इथेही नको. मला घाई करायला हवी होती.

“मैं अच्छा झाडू मारता,” मी म्हणालो. “और रोता नहीं. रात को भी नहीं रोता. खाता भी कम.”

“अरे, तसं नाही रे...”

“मांगता भी नहीं कुछ.”

“तुम्ही आता एक अक्षर बोलू नका,” काकू म्हणाल्या. “तोंड उघडलंत की खड्डा आणखी खोल होतोय.”

“अगं, बाई म्हणाल्या होत्या, यांना हसवा...”

“हसला?”

खांबेट्यांनी मिशी चाचपली.

“मग चला. जे बोललात ते खोटं होतं, हे त्याच्या आईसमोर बोला. सगळ्या बराकीसमोर बोला.”

“सकाळी जातो ना. अशा वेळी तिथे सगळी माणसं असतात...”

“आज रात्री हा कुठे झोपणार? आणि कुणाचा म्हणून झोपणार?”

“पण भात...”

“भात चुलीच्या वैलावर आहे. राहील गरम.”

आमची वरात निघाली. पुढे खांबेटे, मग काकू, मग गुंडाळी घेतलेला मी, आणि सगळ्यांत मागे, येऊ नकोस असं बजावून सांगितलेली यमू. मी चोरी करताना सापडलो असं बराकीने पाहताक्षणीच ठरवलं. शेजारचा म्हातारा लोकूमल पुढे झाला. “काय उचललं याने?” आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, “हा आमच्या गावचा नाही.”

अमां गोणपाट सारून बाहेर आली. मी खेळतोय अशीच तिची समजूत होती. तिने आधी मला पाहिलं, मग गुंडाळी पाहिली.

“बाई,” खांबेटे म्हणाले, “हमने तुम्हारे लडके को झूठ बोल्या. हम बोल्या, तुमने डब्बा लिया और लडका हमको दिया. मजाक था. झूठ था. हमारा चुक्या.” आणि भाषेत काही राहून गेलं असेल तर असावं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान धरले.

मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. लोकूमलने त्यांच्यासाठी भाषांतर केलं. त्यात जरा गोंधळ झाला असावा, कारण मागून कुणीतरी विचारलं, “एका डब्यात कुठला मुलगा देतात? मोठा की धाकटा?”

अमां आत गेली आणि डबा घेऊन आली. एका वाटीपुरती भुकटी काढलेला तो डबा तिने दोन्ही हातांनी खांबेट्यांपुढे धरला.

“घ्या,” ती म्हणाली.

खांबेट्यांना तो घेता येईना. त्यांचे दोन्ही हात कानांवर होते. “नको बाई. नको हो,” ते म्हणाले. अमांशी पहिल्यांदाच मराठीत.

मग अमां माझ्याकडे वळली. आमच्या भाषेत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “तुला खरं वाटलं? मी तुला देऊन टाकीन, असं?”

एवढे सगळे लोक माझ्याकडे बघत होते. मी खरं तेच सांगितलं.

“पोपटीला दिलंस.”

कराचीनंतर हे नाव आमच्यात कुणी उच्चारलं नव्हतं. पोपटी माझी बहीण, माझ्या पाठची. कराचीच्या धक्क्यावर बोटीत चढताना अमांच्या कडेवर घनू होता, खांद्यावर बोचकं, एका हाताला मी. आणि पोपटी रडत होती. तिला पाणी हवं होतं. अमांने शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हटलं, “हिला जरा घ्या.” आणि पोपटीला म्हटलं, “जा, मावशीकडे जा.” मग मागून गर्दी आली. बोटीत आम्ही होतो. ती बाई नव्हती.

मी तेव्हाच समजून चुकलो होतो. पोपटी रडली, पोपटीने पाणी मागितलं, पोपटी गेली. म्हणून मी रडत नव्हतो, मागत नव्हतो, बोलत नव्हतो. डॉक्टरीणबाईंना जो आजार वाटला, तो माझा शहाणपणा होता.

“दिलं नाही रे तिला,” अमां म्हणाली. “धरायला दिलं होतं. नुसतं धरायला.” हे तिने मला सांगितलं, मग लोकूमलला सांगितलं, मग खांबेट्यांना, आणि शेवटी समोरच्या गोणपाटाला. मग ती होती तिथेच मातीत बसली. डबा मांडीवर, ओढणी तोंडावर.

लोक एकेक करून आपापल्या गोणपाटाआड गेले. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी राहिलेलं होतं, आणि प्रत्येकाने निघताना काहीतरी साधंच बोललेलं असणार. छावणीत रेशनवर न मिळणारी एकच गोष्ट होती, लाज. ती त्या संध्याकाळी सगळ्यांना पोटभर मिळाली. लोकूमल तेवढा अर्धा आत, अर्धा बाहेर थांबला, पुन्हा भाषांतर लागलं तर असावा म्हणून.

काकूंना सिंधी येत नव्हतं आणि त्यांची हिंदी नवऱ्याहून वाईट होती. त्या अमांशेजारी मातीत बसल्या. अमांच्या मांडीवरचा डबा त्यांनी काढून घेतला, मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट लावलं आणि आत जाऊन ट्रंकेवर ठेवून आल्या. मग पुन्हा येऊन बसल्या आणि अमांच्या पाठीवर हात ठेवला.

“बाबा,” यमू म्हणाली, “कान सोडा आता.”

खांबेट्यांना आठवणच राहिली नव्हती.

त्यानंतर छावणीत त्यांनी गंमत केली नाही. ते इतकं खरं बोलू लागले की ऐकवत नसे. “ये दवा कडू है. बहोत कडू है.” “सुई दुखेगा. थोडा नै, जास्ती दुखेगा.” “कल मैं नै आयेगा, गुरुवार को आयेगा,” असं प्रत्येक पोराला सांगून जायचे आणि गुरुवारी यायचे. त्यांच्याइतका कंटाळवाणा माणूस मी पुढे साहित्य संमेलनातही पाहिला नाही. पण पोरं त्यांच्या पायरीवर येऊन बसू लागली. करायचं काही नाही, नुसतं बसायचं. पुढे एक दिवस शेजारच्या बराकीतली ती मुलगी आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मेरा नाक.” खांबेट्यांनी ते तिला दोन्ही हातांनी, अजिबात न हसता परत दिलं.

अमां जेवायला हाक मारताना आता तीन नावं घ्यायची. तिसऱ्या नावाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. पण हाक असायची.

हे सगळं मागाहून. त्या संध्याकाळी अमांने तोंडावरची ओढणी काढली, मला ओढून समोर बसवलं आणि माझे दोन्ही दंड असे धरले की दुखलं.

“तुला मी कुणाला देणार नाही,” ती म्हणाली. “डब्याला नाही, धरायला नाही, कशालाच नाही. कळलं?”

मी मान हलवली.

“मान नको हलवूस. बोल. काय मनात आहे ते बोल. काहीही बोल.”

खांबेट्यांच्या मिशांवरून पाणी गळत होतं. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. यमूने श्वास रोखला होता. लोकूमल गोणपाटातून कमरेपर्यंत बाहेर आला होता. मी काय म्हणतो याकडे सगळ्यांचे कान लागले होते, आणि कराचीपासून न बोललेलं माझ्यापाशी पुष्कळ साठलेलंही होतं. पण खरं सांगायचं तर मला त्या भिंतीच्या घरात राहायला आवडलं असतं. अमां माझे दंड धरून रडत होती आणि माझं लक्ष सगळा वेळ फाटकाबाहेर, त्या वैलावर होतं.

“अमां,” मी म्हणालो, “काकूंकडे भात झालाय. जेवून येऊ का?”